सुपरहिरोची केप शिवली कोणी?

१/
जुलै १९३९, न्यूयॉर्क. पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले आहे. जमलेले रसिक साधारण दोनशे. त्या साध्या कपड्यांतल्या गर्दीत दोघेच जण वेगळे दिसतात. त्यांनी भविष्यकाळातील माणसांचा वेश केला आहे. पुरुषाच्या खांद्यावर हिरवी केप आहे. हा पोशाख कुठल्याही दुकानात मिळत नव्हता. तो हाताने शिवलेला होता.

आजचा थ्रेड त्या शिलाईविषयी आणि ती करणाऱ्या हातांच्या नावाविषयी.

२/
प्रथम थोडे मागे जाऊ. आधी सुपरहिरो जन्मले आणि मग चाहते त्यांच्या वस्तू घरी बनवू लागले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात क्रम बराचसा उलटा आहे. मे १९३० मध्ये शिकागोतील ‘सायन्स करस्पॉन्डन्स क्लब’ने ‘द कॉमेट’ हे घरगुती नियतकालिक काढले. चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेले विज्ञानकथाविषयक पहिले नियतकालिक म्हणून त्याची नोंद केली जाते. अशा नियतकालिकांसाठी ‘फॅनझिन’ हा शब्दही नंतरचा. तो १९४० मध्ये लुई रसेल शोव्हने यांनी घडवला.

३/
हे अंक निघत कसे? मेणाचा लेप असलेल्या स्टेन्सिलवर मजकूर टंकित करायचा, चित्रे टोकदार लेखणीने कोरायची, मग ती स्टेन्सिल मिमिओग्राफच्या रुळावर चढवून एकेक प्रत काढायची. आपल्याकडे हे तंत्र ‘सायक्लोस्टाइल’ या नावाने परिचित होते आणि मराठीतील लघुअनियतकालिकांनीही पुढे त्याचा आधार घेतला. बोटांना शाई लागल्याशिवाय अंक निघत नसे. म्हणजे फॅनझिन हे वाङ्मय होते, तशीच ती हस्तकलाही होती.

४/
ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात ग्लेनव्हिल हायस्कूलमध्ये शिकणारी दोन मुले याच छंदात बुडालेली होती. जेरी सीगल लिहीत असे, जो शुस्टर चित्रे काढत असे. त्यांनी ‘सायन्स फिक्शन’ नावाचे मिमिओग्राफ केलेले नियतकालिक चालवले. जानेवारी १९३३ च्या अंकात ‘द रेन ऑफ द सुपरमॅन’ ही कथा आली. गंमत अशी, की त्या कथेतला सुपरमॅन खलनायक होता!

५/
पुढे त्याच नावाभोवती या दोघांनी नायक उभा केला. त्यांना बराच काळ नकार पचवावे लागले. अखेर जून १९३८ ही तारीख असलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन झळकला. तेरा पानांच्या त्या कथेचे १३० डॉलर हाती पडले आणि त्याच व्यवहारात पात्रावरील हक्क प्रकाशकाकडे गेले.

थोडक्यात, सुपरहिरोची वंशावळ शोधू लागलो, तर वाट हाताने काढलेल्या एका शाळकरी अंकापाशी पोहोचते. आणि निर्मिती निर्मात्याच्या हातून निसटण्याची गोष्टही तिथूनच सुरू होते.

६/
आता पुन्हा १९३९ कडे. केप घातलेले गृहस्थ म्हणजे लॉस एंजेलिसहून आलेले फॉरेस्ट जे. ॲकरमन. पोशाखाची कल्पना दोन ठिकाणांहून घेतलेली होती: पल्प मासिकांचे चित्रकार फ्रँक आर. पॉल यांची चित्रे आणि १९३६ चा ‘थिंग्ज टू कम’ हा चित्रपट. ॲकरमन यांनी नंतर सांगितलेल्या आठवणीनुसार, रस्त्यावरची मुले त्यांना पाहून ‘फ्लॅश गॉर्डन’, ‘बक रॉजर्स’ असे ओरडत होती. ही दोन्ही त्या काळच्या चित्रमालिकांतील लाडकी पात्रे. मुलांनी हा वेश आपल्या परीने अचूक ओळखला होता!

७/
तो आराखडा काढून पोशाख शिवणारी व्यक्ती ॲकरमन यांच्याच शेजारी उभी होती. त्यांचे नाव मर्टल आर. डग्लस (१९०४–१९६४). एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेचा त्यांना ध्यास होता. चाहत्यांच्या वर्तुळात त्या ‘मोरोजो’ या एस्पेरांतो वळणाच्या नावाने ओळखल्या जात. ‘व्हॉइस ऑफ द इमॅजि-नेशन’ या फॅनझिनचे संपादन त्यांनी ॲकरमन यांच्यासोबत केले. १९४१ च्या डेन्व्हर संमेलनात ए. मेरिट यांच्या ‘द मून पूल’ कादंबरीतील बेडूकसदृश प्राण्याचा मुखवटा घालून त्या वावरल्या. संपादन, लेखन आणि शिवण, तिन्ही कामे त्या सारख्याच गांभीर्याने करत.

८/
पुढे ॲकरमन प्रसिद्ध झाले. ‘फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड’ या मासिकाचे संपादक म्हणून त्यांना जगभर चाहते मिळाले. ‘पहिला कॉस्प्लेअर’ म्हणून त्यांचेच नाव वर्षानुवर्षे घेतले गेले. त्यांनी मोरोजोंचे श्रेय लपवले, असे मात्र म्हणता येणार नाही. पोशाख त्यांनी केले होते, हे ॲकरमन स्वतःच सांगत. नाव गळाले ते पुढच्यांच्या सांगण्यात. एकाने लेख लिहिताना ते वगळले, दुसऱ्याने त्या लेखावरून लिहिले आणि वगळणे हीच परंपरा झाली.

९/
याला अपवाद म्हणावे, तर पुढच्याच वर्षीचे उदाहरण पाहा. १९४० च्या शिकागो संमेलनात वेशभूषेचा सोहळा झाला. डेव्हिड काइल यांनी फ्लॅश गॉर्डनचा वैरी ‘मिंग द मर्सिलेस’ साकारून पहिले बक्षीस जिंकले. तो पोशाख तयार केला होता लेस्ली पेरी या लेखिका-चाहतीने.

आपल्या शाळांच्या गॅदरिंगमधली वेशभूषा स्पर्धा आठवा. बक्षीस शिवाजी महाराज झालेल्या मुलाला मिळते. रात्री जागून पुठ्ठ्याचा जिरेटोप करणाऱ्या आईला मंचावर कोणी बोलावत नाही.

१०/
असे का होते? इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे साधनांचा प्रश्न दिसतो. छायाचित्र घालणाऱ्याचे निघते. बक्षिसाच्या यादीत घालणाऱ्याचे नाव चढते. शिवणाऱ्या हातांचा पुरावा पोशाखाच्या आतल्या टाक्यांत असतो, आणि कापड विरते. शिवाय शिवणकाम म्हणजे ‘घरकाम’ ही धारणा इतकी मुरलेली, की ते नोंदवण्याजोगे आहे, असे लिहिणाऱ्याला वाटतच नाही. साधनांचे मौन पुष्कळदा अशाच सवयीतून तयार होते.

११/
मात्र गेलेले नाव परत मिळू शकते. डिसेंबर १९७५ मध्ये, सार्वजनिक टीकेच्या दबावानंतर, सीगल आणि शुस्टर यांना वार्षिक २०,००० डॉलरचे मानधन मान्य झाले आणि ‘सुपरमॅनचे निर्माते’ म्हणून त्यांची नावे पुन्हा छापली जाऊ लागली. त्या १३० डॉलरांना तेव्हा ३७ वर्षे उलटली होती.

योगायोग असा, की त्याच महिन्यात, २१ डिसेंबरला, टोकियोत पहिले ‘कॉमिकेट’ भरले. चाहत्यांनी स्वतः काढलेल्या अंकांचा हा बाजार. ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे. ‘कॉस्प्ले’ हा शब्दही जपानचाच. १९८३ मध्ये नोबुयुकी ताकाहाशी यांनी तो छापील लेखात वापरला आणि रूढ केला.

१२/
नावाइतकाच हक्काचा प्रश्नही जिवंत आहे. ‘फायरफ्लाय’ या २००२ च्या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत जेन या पात्राला त्याची आई एक केशरी-पिवळी लोकरी टोपी पाठवते. कथेतच ती आईने विणलेली आहे! चाहत्यांनी वर्षानुवर्षे तशा टोप्या विणल्या, वाटल्या, विकल्या. मग फॉक्सने अधिकृत टोपीचा परवाना दिला, आणि २०१३ मध्ये एट्सीवर हाताने विणलेल्या टोप्या विकणाऱ्यांना बंदीच्या नोटिसा गेल्या. कायद्याने कंपनीचा दावा समजण्यासारखा असेल. पण एका आईच्या विणकामाची खूण कारखान्यातून ‘अधिकृत’ होऊन यावी आणि सुयांवर विणणारे हात ‘अनधिकृत’ ठरावेत, हा विरोधाभास विसरण्यासारखा नाही.

१३/
२०११ पासून मुंबईतही कॉमिक कॉन भरू लागले. फोम शीट कापून केलेली चिलखते, ग्लू गनने जोडलेले मुखवटे, क्रोशाने विणलेले छोटे बॅटमॅन हे सारे आता आपल्याही परिचयाचे झाले आहे. या वस्तूंना ‘पोरकट छंद’ म्हणून उडवून लावणाऱ्यांनी क्लीव्हलँडची ती दोन मुले आठवावीत.

१४/
आणि तुमच्यापैकी जे स्वतः असा वेश करतात, त्यांना एक विनंती. छायाचित्र टाकताना पात्राच्या नावाखाली आणखी एक ओळ लिहा: केप कोणी शिवली, मुखवटा कोणी रंगवला, मशीनवर शेवटची टीप कोणी मारली. आई असेल, मावशी असेल, कोपऱ्यावरचे टेलरकाका असतील. पन्नास वर्षांनी कोणी संशोधक या काळाचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा ती ओळ त्याचे अस्सल साधन ठरेल.

मोरोजोंच्या वाट्याला अशी ओळ फार उशिरा आली.

(समाप्त)