पडीक शेत आणि राखीव जंगल

आदिलाबादच्या जंगलाचा इतिहास बहुधा सागाच्या भावाने नाहीतर वाघांच्या गणतीने सांगितला जातो. तो पडीक शेतापासून सांगावा, असे मला वाटते.

डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत गोंड शेतकरी काही वर्षे पीक घेई, मग ती विसाव्याला सोडून दुसरीकडे नांगर धरी. सोडलेल्या शेतात झुडपे माजत, मातीला पुन्हा कस येई. निजामाच्या वनखात्याने राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या तेव्हा अशी कित्येक शेते हद्दीच्या आत गेली. पट्टा दाखवावा तर तो नव्हताच. दफ्तर उर्दूत, घरची बोली गोंडी, बाजाराची मराठी. तक्रार करायची तरी कोणत्या भाषेत? पिढ्यान्‌पिढ्यांचा शेतकरी एका रेघेने अतिक्रमणवाला ठरला.

कुमरम भीम यांचे बंड याच रेघेतून उठले. १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळीने ते पडले. पुढे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ मारलवाईला गोंडांत राहिले आणि बंडाचे मूळ जमिनीत आहे, हे त्यांनी सरकारला लिहून कळवले. त्यांचे अहवाल १९४५ साली पुस्तकरूपाने निघाले. हजारो कुटुंबांना पट्टे मिळाले. मारलवाईच्या शाळेसाठी गोंडी पुस्तके छापली गेली ती देवनागरीत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

१९५६ साली भाषेच्या हिशेबाने किनवट, राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. माणसे वाटली गेली; जंगल वाटले गेले नाही. ताडोबाकडचे वाघ आजही सीमा ओलांडून कागजनगरच्या रानातून कव्वालकडे जाऊ पाहतात. कव्वाल १९६५ चे अभयारण्य. २०१२ साली तो व्याघ्र प्रकल्प झाला. ही वाट तुटली तर कव्वालमध्ये वाघ टिकणार नाही, हे वन्यजीवप्रेमींचे म्हणणे खोटे नाही.

पण ३० मे २०२५ रोजी तेलंगण शासनाने आसिफाबाद जिल्ह्यातील सुमारे दीड लाख हेक्टर क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून जाहीर केले आणि जुनी रेघ पुन्हा आठवली. असे क्षेत्र जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करावा, असे वन्यजीव कायद्याचेच कलम आहे. आम्हाला, आमच्या ग्रामसभांना कोणी विचारले, हाच आदिवासी संघटनांचा सवाल होता. बंद झाला, आणि २१ जुलैला शासनाने तो आदेश स्थगित केला. वाघाला विरोध म्हणून या आंदोलनाची बोळवण करणे सोपे. पण भीमांच्या नावाच्या जिल्ह्यात तरी ते शोभत नाही.

प्राणहितेपलीकडे, गडचिरोलीतले मेंढा हेही गोंडांचेच गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर त्याचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. तिथे अभ्यासगटात आधी बोलणे होते; निर्णय मतदानाने नाही, सर्वांच्या संमतीने. त्याला वेळ लागतो, आणि गाव तो देते.