प्रसूती-लाभ आणि गिरणी कामगार स्त्री : मुंबई, १९२९ ते १९५४

प्रस्तावना

कामाच्या ठिकाणी आरोग्याची तरतूद असावी हा विचार मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारांच्याच बाजूने प्रथम मांडला गेला. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने कामगारांनी कारखाना आयोगासाठी जे निवेदन तयार केले, त्यात साप्ताहिक सुटी आणि दुपारच्या विश्रांतीबरोबरच, काम करताना जखमी झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत वेतन मिळावे, अशीही मागणी होती. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. आजारपण, अपघात आणि बाळंतपण यांविषयीच्या हक्कांना मात्र पुढे कित्येक दशके लागली. त्यांपैकी प्रसूती-लाभाचा इतिहास विशेष बोलका आहे. कारण कायद्याने दिलेला लाभ प्रत्यक्ष हाती पडण्याच्या वाटेवर काय काय उभे असते, हे त्यात स्पष्ट दिसते.

कायद्यापूर्वीची स्थिती

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांश होते. त्या प्रामुख्याने वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत काम करीत. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा ठराव झाल्यानंतर मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडे गिरणी कामगार स्त्रियांच्या स्थितीची चौकशी सोपविली. आई कामावर असताना मूल निजून राहावे म्हणून अफूची बाळगोळी देण्याची प्रथा किती सार्वत्रिक होती, हे त्या चौकशीतून पुढे आले. या प्रथेबद्दल आईला दोष देणे सोपे होते व तो दिलाही गेला. पण दिवसाचा खाडा म्हणजे दिवसाची मजुरी बुडणे, आणि मूल सांभाळायला खोलीत कोणी नाही, ही त्या गोळीमागची खरी कारणे होत.

काही गिरण्यांनी स्वेच्छेने बाळंतपणाचा भत्ता सुरू केला होता. तथापि मालकाच्या मर्जीवर चालणारी योजना आणि हक्क यांत अंतर असतेच. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात १९२४ मध्ये मांडलेले प्रसूती-लाभाचे विधेयक संमत होऊ शकले नाही. त्यानंतर आर. एस. आसवले यांनी मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. जुलै १९२८ मध्ये त्याला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून हा भार मुख्यतः सरकारने उचलावयास हवा, हे मान्य केले. मात्र सरकार तो उचलत नसताना, स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने तो सोसणे गैर नाही, अशी त्यांची भूमिका होती. भार कोणी उचलावा हा त्यांनी नोंदविलेला मुद्दा पुढे निर्णायक ठरला.

लाभाच्या अटी

१९२९ चा मुंबई प्रसूती-लाभ कायदा हा भारतातील या विषयावरील पहिला कायदा होय. मुंबई शहरातील स्त्रीस रोज ८ आणे या दराने जास्तीत जास्त ७ आठवडे भत्ता मिळे. त्यासाठी त्याच मालकाकडे किमान ६ महिने नोकरी झालेली असणे आवश्यक होते. १९३४ च्या दुरुस्तीने लाभाचा काळ ८ आठवडे झाला. त्याच वेळी नोकरीची अट ९ महिन्यांवर गेली. एका हाताने आठवडाभर वाढवून दुसऱ्या हाताने तीन महिने मागितले, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

लाभ मिळविण्यासाठी स्त्रीने आधी मालकाला सूचना द्यावयाची होती, रजेच्या काळात अन्यत्र काम करावयाचे नव्हते, आणि गर्भारपणाचा व जन्माचा पुरावा सादर करावयाचा होता. रजेवर असताना तिला कामावरून काढण्यास मनाई होती. कागदावर ही व्यवस्था वाजवी दिसते. परंतु लिहितावाचता न येणारी, बाळंतपणासाठी कोकणात किंवा घाटावर गावी जाणारी स्त्री जन्मनोंदीचा उतारा कोठून आणणार, हा प्रश्न गौण नव्हता. शिवाय तिची भरती नायकिणीच्या हाती असे. दस्तुरी घेऊन कामावर ठेवणारी नायकीणच हजेरीवरही लक्ष ठेवी. बदलीवर काम करणाऱ्या स्त्रीच्या नोकरीची सलग नोंद राहणे त्याहूनही अवघड होते. हक्क वापरण्यासाठी ज्या व्यक्तीस सांगावे लागते तीच नोकरी देणारी व काढणारी असेल, तर गर्भारपण लपविण्याकडे कल होणे स्वाभाविक होते.

अशा वेळी कायदा समजावून सांगणारे कोणी असणे महत्त्वाचे ठरते. उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्या गिरणगावातील स्त्रियांमध्ये वावरत होत्या. दोघींच्याही आत्मकथनांतून त्या जगाचे चित्र मिळते. मात्र संघटनांचे बळ मुख्यतः वेतन, छाटणी आणि संप यांवर खर्ची पडत होते.

भार कोणावर?

कायद्याचा सर्वांत गंभीर दोष त्याच्या रचनेत होता. भत्त्याचा संपूर्ण खर्च त्या-त्या मालकावर असल्यामुळे स्त्री कामगार ठेवणे हेच खर्चाचे झाले. अर्थात स्त्रियांचे प्रमाण घटण्याचे हे एकमेव कारण नव्हे. वाइंडिंग-रिळिंगमधील यंत्रबदल, १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले सुसूत्रीकरण, आणि स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी यांचा वाटा मोठा होता. तरीही पुरुष ठेवला तर हा खर्च नाही, हा हिशेब मालकांपुढे होताच.

यावर उपाय म्हणजे खर्च सामायिक निधीतून करणे. १९४३ मध्ये भारत सरकारने प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सोपविला, तेव्हा श्रम खात्याची जबाबदारी डॉ. आंबेडकरांकडेच होती. १९४४ मध्ये सादर झालेल्या अहवालातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आकारास आला. मालक आणि कामगार दोघांच्या वर्गणीतून निधी उभा राहणार असल्याने एखादीच्या बाळंतपणाचा खर्च तिच्याच मालकावर पडण्याचे कारण उरले नाही. लाभाचा काळही १२ आठवड्यांचा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा आरंभ झाला आणि १९५४ मध्ये ती मुंबईत आली. येथे सरकारी दवाखान्यांऐवजी प्रामुख्याने खाजगी डॉक्टरांच्या पॅनेलमार्फत औषधोपचार देण्याची पद्धत स्वीकारली गेली. त्यामुळे चाळीजवळचा ओळखीचा डॉक्टरही विम्याचा डॉक्टर असू शकत होता.

अधिक न्याय्य व्यवस्था आली तेव्हा ती वापरणाऱ्या स्त्रियाच कमी झाल्या होत्या. गिरण्यांतील त्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरले होते व पुढेही घटत गेले. गिरणगावात स्त्रियांसाठी भाजी विकणे, विड्या वळणे, किंवा एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खानावळ चालविणे हीच कामे उरली. खानावळ चालविणाऱ्या बाईला मालक नव्हता, म्हणून वर्गणी नव्हती आणि विमापत्रही नव्हते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने अशा स्त्रियांना एकत्र आणले, तेव्हा त्यांची पहिली गरज बँकेच्या कर्जाची होती.