तुटलेल्या स्प्रिंगचा कागद कुठे शोधायचा?

पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. "ताई, विषय आवडलाय, पण त्यावर साधनंच मिळत नाहीत. सोडून देऊ का?" आज सरळ उत्तर देण्याऐवजी एका शटरची गोष्ट सांगते. गोष्ट घरची आहे, पण प्रश्न इतिहासलेखनाचा आहे. शेवटपर्यंत वाचा, मग तुम्हीच ठरवा.

आमचं घर माजरीला. वरोरा आणि भद्रावतीच्या मधलं हे गाव. वर्धा-बल्लारशा मार्गावरचं जंक्शन, इथून वणीकडे फाटा फुटतो, आणि आजूबाजूला वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी. घराखाली गाडी ठेवायची जागा आहे आणि तिला दुकानाला असतं तसं पत्र्याचं मोठं शटर. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी धाडकन आवाज झाला. ब्लास्टिंगची वेळ होती, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. संध्याकाळी गाडी काढायला गेलो, तर शटर हलेना. डावीकडून बोटभर उचललं जायचं आणि तिरकं होऊन गाइडमध्ये अडकायचं.

दुसऱ्या दिवशी शटरवाले काका आले. वर शिडी लावून टॉर्च मारला आणि म्हणाले, "उजवीकडची स्प्रिंग गेली." मी म्हटलं, "पण काका, आई तर हे रोज एका हातानं उचलायची. एका रात्रीत इतकं जड कसं झालं?" त्यावर ते हसले. "वजन तं तेवढंच होतं बाई. तुझ्या आईच्या आधी ते स्प्रिंग उचलत होती."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. आधी त्याचा हिशेब बघू. आमचं शटर ३ मीटर रुंद आणि २.५ मीटर उंच, म्हणजे ७.५ चौरस मीटर. सव्वा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला साधारण ९.८ किलो भरतो. म्हणजे नुसता सपाट पत्राच पाऊणशे किलोच्या घरात जातो. पट्ट्या एकमेकींत अडकवायला कडा वळवलेल्या असतात, त्यामुळे प्रत्यक्ष वजन त्याहून जास्त. हा पडदा वरच्या पाइपाभोवती गुंडाळला जातो आणि पाइपावर स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटर खाली ओढलं की स्प्रिंग पिळली जाते, वर ढकललं की तीच पीळ सोडत मदत करते. थोडक्यात, सकाळी लागणारी ताकद आपण आदल्या रात्रीच तिच्यात भरून ठेवतो. शटर पूर्ण बंद असतं तेव्हा पीळ सगळ्यात जास्त. म्हणून स्प्रिंग तुटते ती बरेचदा अशीच, कोणी हात लावलेला नसताना.

आता यात इतिहास कुठे आला?

जड दार हलवायचं कसं, हा प्रश्न जुना आहे. चंद्रपूरचा परकोट आठवा. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे. पण त्याच परकोटाला विठोबा खिडकी, हनुमान खिडकी, बगड खिडकी अशी छोटी दारंही आहेत आणि आज त्या नावांनी तिथल्या वस्त्या ओळखल्या जातात. वाड्याच्या मोठ्या दरवाजात दिंडी असते, तिचा हिशेबही हाच. मोठं दार बंदच ठेवा, माणसापुरतं छोटं उघडा. म्हणजे वजन हलवूच नका. दुसरं उत्तर बाजारपेठेतलं. जुन्या दुकानांना लाकडी फळ्या असत. खाचेत एकेक फळी सरकवायची, सकाळी एकेक काढायची. म्हणजे वजनाचे तुकडे करा. तिसरं उत्तर स्प्रिंगचं. वजन सगळं एकदम हलवा, पण त्याची ताकद आधीच साठवून ठेवा.

हे तिसरं उत्तर कारखान्यातून आलं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये गुंडाळणाऱ्या लोखंडी शटरांची पेटंटं घेतली गेली. अमेरिकेत घराच्या गॅरेजला वर सरकणारं दार आलं, त्याचं श्रेय सी. जी. जॉन्सन यांना आणि १९२१ सालाला दिलं जातं. इथे जरा थांबा. ही तारीख आपल्यापर्यंत कशी आली? जॉन्सन यांनी काढलेली 'ओव्हरहेड डोअर' ही कंपनी आपला इतिहास तिथूनच सांगते. कंपनी आपल्या जन्माची तारीख जपते. पेटंट कार्यालय शोधाची तारीख जपतं. पण पहिली स्प्रिंग तुटली कधी आणि ती बदलली कोणी, हे जपणारं कोणी नाही.

विज्ञानाच्या इतिहासातही तेच दिसतं. जेवढा ताण तेवढा जोर, हा स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये अक्षरांच्या कोड्यात लपवून छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. पण चांगली स्प्रिंग एक दिवस अचानक का तुटते, हे कळायला रेल्वे यावी लागली. १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढे प्रशियात ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्यानं आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि दाखवून दिलं की एका खेपेला सहज पेलेल असा भारही लाखो वेळा पडला, तर धातू थकतो. आधी बारीक चीर पडते, मग ती वाढत जाते.

या चीर पडण्याची नोंद कोण ठेवतं, हा माझ्या दृष्टीनं खरा प्रश्न आहे. माजरीच्या यार्डात उभ्या असलेल्या वाघिणीखालीही पोलादाच्या स्प्रिंगा असतात. त्यांची तपासणी होते, तपासणीचा कागद होतो. खाणीत अपघात झाला तर कायद्यानुसार तो कळवावा लागतो. आमच्या भागात १८७० च्या दशकात वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आली, १९७३ मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली. या प्रत्येक टप्प्यावर कागदांचे गठ्ठे तयार झाले, कारण कोणाला तरी लिहिणं भाग होतं. घराच्या दारावरच्या स्प्रिंगबद्दल लिहिणं कोणालाच भाग नव्हतं. म्हणजे 'साधनं नाहीत' याचा अर्थ 'घडलं नाही' असा होत नाही. लिहिण्याची सक्ती नव्हती, एवढाच होतो.

डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' हे २००६ चं पुस्तक तयारीच्या काळात जरूर वाचा. तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांपुरता न ठेवता वापराचा आणि दुरुस्तीचाही लिहावा, असा त्यांचा आग्रह आहे. पटलं. पण माजरीत बसून तो लिहायचा कसा? मी काय केलं ते सांगते.

पहिलं, कंटाळवाणे कागद उघडले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचं 'दिल्ली शेड्यूल ऑफ रेट्स' म्हणजे सरकारी बांधकामाची दरसूची. त्यात रोलिंग शटरची बाब आहे: ८० × १.२५ मिलिमीटरच्या पट्ट्या, २७.५ सेंटिमीटर लांबीच्या, जास्त ताण सोसणाऱ्या पोलादी तारेच्या स्प्रिंगा, आणि ती तार आयएस ४४५४ या मानकाप्रमाणे. शटर १० चौरस मीटरच्या वर गेलं, तर साखळी किंवा हँडलसाठी वेगळा दर. केवढी माहिती आहे बघा! माणसाच्या हाताचं काम कुठे संपतं आणि यंत्राचं कुठे सुरू होतं, याची रेघच आखून दिली आहे. पण त्या बाबीत स्प्रिंगची किंमत नव्या शटरमध्येच धरलेली आहे. ती तुटल्यावर पुढे काय, हे तिथे नाही. साधन काय बोलतं याची नोंद करा, तशी ते कुठे गप्प बसतं याचीही करा.

दुसरं, तुटलेली स्प्रिंग भंगारात जाऊ दिली नाही. तुटलेल्या टोकावर दोन भाग दिसत होते. एका कडेला गुळगुळीत, काळपट, गंज चढलेला. उरलेला भाग ताजा, खरखरीत, चकचकीत. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. स्प्रिंग तुटली त्या दुपारी, पण तुटायला लागली होती कितीतरी आधी.

तिसरं, मुलाखत. इथे मी चुकले. टेप सुरू करून विचारलं, "काका, या भागात शटर दुरुस्तीचा धंदा केव्हा सुरू झाला?" ते म्हणाले, "काय माहीत." पाच मिनिटांत मुलाखत संपली! मग मी ती स्प्रिंगच त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फिरवून पाहिली आणि एका टोकाच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे काम माझं नाही. हे कोणीतरी गॅसनं तापवून वाकवलं. तापवलं का पोलादाचा जीव जाते." त्यानंतर ते तासभर बोलत होते. म्हणजे स्प्रिंग आधीही एकदा तुटली होती आणि कोणीतरी उरलेल्या तारेला नवा आकडा काढून तीच परत बसवली होती. नवीन तुटली ती त्याच आकड्याच्या जवळ.

चौथं, घरचा कागद. बाबांच्या जमाखर्चाच्या वह्या चाळल्या. २००९ च्या दिवाळीच्या सुमारास एक ओळ सापडली: 'शटर दुरुस्ती'. एवढंच. पण वस्तू, माणूस आणि वही, तिघंही एकाच दुरुस्तीकडे बोट दाखवत होते.

इथे घसरायची एक जागा आहे, तीही सांगून ठेवते. परदेशी गॅरेजच्या दारांच्या साध्या स्प्रिंगांचं आयुष्य साधारण १०,००० फेऱ्या सांगतात. आमचं शटर दिवसातून दोनदा उघडतं-मिटतं, म्हणजे तेरा-चौदा वर्षं. २००९ नंतर जवळपास तेवढीच वर्षं गेली होती. मला इतका आनंद झाला की प्रकरणाचा शेवट डोक्यात तयार झाला. पण आमची स्प्रिंग वेगळ्या घडणीची, त्यात तापवून जोडलेली. तो आकडा तिला लागूच होत नाही. आकडा जुळला म्हणजे पुरावा मिळाला असं नाही. ते वाक्य मी खोडलं.

आता राहिलं ते सगळ्यात अवघड. नवी स्प्रिंग बसवताना काकांनी आम्हा सगळ्यांना लांब उभं केलं. पडदा आधी दोरानं बांधला, उरलेला पीळ हळूहळू सोडला, जुनी काढली, नवी चढवली आणि मग पीळ भरताना ते फेरे मोठ्यानं मोजत होते. एक फेरा कमी तर शटर जड, एक जास्त तर उघडलेलं शटर खाली यायला मागत नाही. (हे वाचून कृपया कोणी स्वतः शिडीवर चढू नका.) तो आकडा कुठेही लिहिलेला नाही. तो पत्र्याच्या जाडीवर, रुंदीवर, गाइडमध्ये बसलेल्या कोळशाच्या धुळीवरही ठरतो, आणि तो त्यांच्या तोंडी आहे.

त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा वाकत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी शटर खाली आलं, तेव्हाचा. हाच अपघात खाणीत झाला असता, तर कळवण्याचा कायदा होता, रजिस्टर होतं. दुसऱ्याच्या दारात झाला, म्हणून कुठेच काही नाही. मी विचारलं, "काका, हे लिहू का?" ते म्हणाले, "लिही. नाव नको टाकू." म्हणून नाव नाही.

एका काकांच्या सांगण्यावरून मी 'चंद्रपूर जिल्ह्यातील शटर दुरुस्तीचा इतिहास' लिहू शकत नाही. त्यासाठी वरोरा, भद्रावती, वणी इथले आणखी कारागीर गाठावे लागतील, आणखी वह्या, आणखी भंगार बघावं लागेल. पण प्रश्न नेमका विचारण्याइतकं साहित्य माझ्याकडे आहे: ज्या कामात जीव धोक्यात असतो त्यातल्या कुठल्या कामाची नोंद होते, कुठल्या कामाची होत नाही, आणि हे ठरतं कशावरून?

तेव्हा विषय सोडू नका. आधी तीन याद्या करा. या गोष्टीबद्दल लिहिणं कोणाला भाग होतं? लिहिणं भाग नसतानाही कोणाच्या वहीत चुकून एखादी ओळ आली असेल? आणि ती गोष्ट कोणाच्या हाताला माहीत आहे? तिसऱ्या यादीपासून सुरुवात करा. कागद टिकतात, हात टिकत नाहीत.

तुटलेली स्प्रिंग माझ्या टेबलावर आहे. आई दोनदा भंगारवाल्याला द्यायला निघाली होती. मी तिला चिठ्ठी बांधली आहे: जागा, तारीख, कोणी काढली. अशी नोंद तिच्या नशिबी पहिल्यांदाच आली असावी.