वाऱ्याचा आवाज कुठून येतो?

आम्ही पालीच्या बचत गटातून बोलतोय. मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, अन् घाटावर लेकीकडे राहून आलेल्या एक ताई म्हणाल्या, “तिथं घराजवळ पवनचक्की आहे. रातभर घूंऽ घूंऽ. विहीणबाईंचा डोळा लागत नाही.” दुसऱ्या म्हणाल्या, “वारा म्हटल्यावर आवाज होणारच!” होणारच, पण किती? आम्ही त्याचा इतिहास शोधला.

कपडे वाळत घालायची तार वाऱ्यात सूं करते. आपल्याला वाटतं, तार हलते म्हणून. १८७८ साली स्ट्रोहाल या शास्त्रज्ञाने तारा यंत्रावर गरगर फिरवून मोजलं. वेग वाढला की सूर चढतो, तार जाड असली की उतरतो. तार किती ताणलीय, याचा संबंध नाही. बिंदुसरेला पाणी आलं की दगडामागे भोवरे उठतात ना? तसेच हवेत तारेमागे उठतात. आवाज त्यांचाच.

पुढे विमानं आली. घुबड उडताना आवाज का होत नाही, हे १९३४ साली ग्रॅहम यांनी सांगितलं. त्याच्या पंखाला पुढे फणीसारखे दात, मागे झालर अन् वर मऊ लव असते. १९५२ साली लाइटहिल यांनी जेट विमानाच्या झोताचं गणित मांडलं: झोताचा वेग दुप्पट, तर आवाजाची ताकद २५६ पट! पवनचक्कीच्या पात्याचं गणित वेगळं आहे. तिथं वेग दुप्पट झाला की ताकद साधारण ३२ पट होते. कानाला तेवढा पट जाणवत नाही, पण फरक कळतो. म्हणून काही पात्यांच्या मागच्या कडेला आता करवतीसारखे दात बसवतात. आवाज कमी होतो.

म्हणजे वाऱ्याचा आवाज मोजता येतो अन् कमीही करता येतो. सरकारच्या २००० सालच्या नियमात राहत्या वस्तीसाठी रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

वीज आपल्यालाही हवी, झोपही हवी. म्हणून ताईंनी लेकीला निरोप धाडलाय: वही घाल. तारीख, वेळ, वारा कमी की जास्त, झोप लागली का, रोज लिही. महिन्याने वही ग्रामसभेत ठेव अन् मोजणी माग. हिशोब लिहायला तर आपण गटात शिकलोच आहोत.

रामराम!