गाडीचा सातबारा

टेक्सासमधल्या व्हिक्टोरिया या गावच्या हायस्कूलनं १९७२मध्ये आपल्या कार्यशाळेतली एक जुनी फेरारी विकून टाकली. मुलांना इंजिनकाम शिकता यावं म्हणून ती शाळेला देणगीत मिळाली होती. किंमत आली ६,५०० डॉलर. ती गाडी होती २५० जीटीओ, म्हणजे १९६२ ते १९६४ या काळात बनलेल्या अवघ्या ३६ गाड्यांपैकी एक. नव्या मालकानं ती ट्रेलरवर चढवून उघड्या शेतात लावली आणि पुढं कित्येक वर्षं ती तिथंच ऊन-पाऊस-बर्फ खात उभी राहिली. याच जातीच्या गाडीचा भाव १९८९-९०मध्ये एक कोटी डॉलरपलीकडे गेला, आणि २०१८मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉण्टेरेच्या लिलावात एका जीटीओला ४ कोटी ८४ लाख डॉलर मिळाले. लोखंड तेच, ॲल्युमिनियम तेच, बारा सिलिंडरही तेच. मग या तिन्ही वेळा विकली गेलेली वस्तू एकच होती का? माझ्या मते नव्हती. शाळेनं एक जुनं यंत्र विकलं. तेजीच्या बाजारात विकला जात होता त्या यंत्राचा विनाखंड चालत आलेला इतिहास. शेतजमिनीच्या भाषेत बोलायचं, तर तिचा सातबारा आणि त्यावरचे सगळे फेरफार. जुन्या स्पोर्ट्स कारच्या व्यवहारात आज जे रिवाज पक्के झालेत, त्यांचं मूळ मला १९८७ ते १९९० या तीन वर्षांच्या तेजीत आणि तिच्यामागून आलेल्या मंदीत दिसतं.

ही तेजी म्हणजे श्रीमंतांचं वेड होतं असं सर्रास सांगितलं जातं, पण त्यात पुरतं तथ्य नाही. ऑक्टोबर १९८७मध्ये शेअर बाजार कोसळले आणि पुढच्याच महिन्यात लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एक बुगाटी रॉयाल ५५ लाख पौंडांना गेली. शेअरमधून बिथरलेला पैसा डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या वस्तूंकडे वळत होता. ब्रिटनमध्ये त्याला करकायद्याचीही साथ होती. तिथल्या कायद्यानं प्रवासी मोटारगाडी ही झिजत जाणारी वस्तू मानली आहे, त्यामुळे ती विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. १९८८च्या अर्थसंकल्पानं वरच्या उत्पन्नगटासाठी हा कर ३० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर नेला आणि त्याच वेळी उत्पन्नावरचा सर्वोच्च कर ६०वरून ४० टक्क्यांवर आणला. म्हणजे वरच्या वर्गाच्या हातात पैसा जास्त आला आणि करातून सुटलेल्या मोजक्या वस्तूंचं आकर्षण वाढलं. त्याच वर्षी १४ ऑगस्टला एन्झो फेरारी गेले; त्यांच्या हयातीतल्या गाड्यांची संख्या आता कायमची ठरून गेली, असा अर्थ बाजारानं काढला. जपानी पैसा तर होताच. टोकियोचा निक्केई निर्देशांक १९८९च्या डिसेंबरअखेर ३८,९०० पलीकडे पोहोचला होता. या सगळ्यात वेड कमी आणि हिशेब जास्त होता. मात्र त्या हिशेबात एक पाऊल अध्याहृत धरलेलं होतं: विकत घेतोय ती गाडी ‘तीच’ आहे.

‘तीच’ म्हणजे काय, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. ‘मिलिंदपन्ह’ या प्राचीन पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे नेमकं काय? आस, चाकं की जू? दोन हजार वर्षांनी हाच प्रश्न लंडनच्या उच्च न्यायालयात आला, तेव्हा त्यावर एक कोटी पौंड लागलेले होते. बेंटली कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ले मॉन्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पहिल्या वर्षी वूल्फ बार्नाटोबरोबर टिम बर्किन होता, दुसऱ्या वर्षी ग्लेन किडस्टन. १९३२मध्ये मोठं, आठ लिटरचं इंजिन बसवून ती ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरली आणि ट्रॅकच्या उतरत्या कडेवरून बाहेर फेकली गेली. चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. गाडी पुन्हा बांधली गेली, तिला बंद टपाचं शरीर मिळालं आणि पुढच्या मालकांच्या हातांत ती आणखी बदलत राहिली. १९९०च्या एप्रिलमध्ये हबर्ड या मालकानं ती मिडलब्रिज सिमिटर या कंपनीला एक कोटी पौंडांना द्यायचं ठरवलं. मग खरेदीदारानं हात मागे घेतला: ही ती गाडीच नव्हे.

खटला उभा राहिला आणि न्यायमूर्ती ऑटन यांनी गाडीचा सुटा-सुटा भाग तपासला. ले मॉन्स जिंकणाऱ्या १९२९च्या गाडीतलं जवळजवळ काहीच शिल्लक नाही, १९३०च्या गाडीतलंही थोडंच आहे, हे त्यांनी मान्य केलं. तरी निकाल विक्रेत्याच्या बाजूनं लागला. गाडीत बदल होत गेले ते एकेक करून, तिच्या कामाच्या ओघात; ती कधी मोडून नाहीशी झाली नाही, तिच्या जागी दुसरी कोणी उभी राहिली नाही, आणि हे नाव सांगणारी दुसरी दावेदारही जगात नाही, असा त्यांचा रोख होता. माझ्या दृष्टीनं या निकालाचं मोल फार आहे. वस्तूची ओळख तिच्या धातूत नसून अखंड वारशात आहे, हे एका न्यायालयानं तेजीच्या अगदी शेवटाला, रोख रकमेच्या संदर्भात सांगितलं. आणि खरेदीदाराला ही शंका केव्हा छळू लागली तेही बघायला हवं. भाव चढते असेपर्यंत पुढचं गिऱ्हाईक तयार असतं, त्यामुळे कागद तपासायची घाई कोणालाच नसते. ब्रिटनमध्ये व्याजाचा मूळ दर १५ टक्क्यांवर होता आणि बाजार थबकू लागला होता, तेव्हा हा वाद न्यायालयात पोहोचला.

चढत्या भावानं ओळखीला मोल दिलं आणि त्याच भावानं ओळखी पुसल्याही. फेरारीची २५० जीटीई ही चार आसनी गाडी १९६० ते १९६३मध्ये साडेनऊशेच्या आसपास बनली. इंजिन जीटीओच्याच कुळातलं, तीन लिटरचं; पण कुटुंबवत्सल गाडी म्हणून तिला बाजारात मान नव्हता. तेव्हा कारागिरांनी जीटीईचं शरीर उतरवून टाकायचं, चेसिस कापून आखूड करायचं आणि वर जीटीओची किंवा टेस्टा रोसा या शर्यतीच्या फेरारीची नक्कल चढवायची, असा धंदाच सुरू झाला. फेरारीच्याच डेटोना या बंद टपाच्या गाड्यांची टपंही अशीच कापली गेली, कारण कारखान्यानं उघड्या डेटोना जेमतेम सव्वाशे बनवल्या होत्या आणि त्यांचा भाव कितीतरी जास्त होता. ३६ गाड्यांच्या दुर्मीळपणाची किंमत कुणा भलत्याच गाड्यांनी चुकवली.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. गाडी चालवायसाठी असते. उत्तम बांधलेली नक्कल रस्त्यावर तेच सुख देत असेल तर नंबर जुळण्याचा हा आग्रह म्हणजे कागदाची पूजा. चालवण्याच्या सुखापुरतं मी हे मान्य करतो. त्या सुखासाठी नक्कल जरूर घ्यावी आणि नक्कल म्हणूनच चालवावी. पण ज्या क्षणी विक्रेता मूळ गाडीचा भाव मागतो, त्या क्षणी तो कागदाचाच भाव मागत असतो. मग कागद तपासणं ही पूजा कशी? चेसिसवरचा नंबर इंजिनावरच्या नंबराशी जुळतो का, कारखान्याच्या नोंदींत रंग कोणता आहे, मधल्या मालकांच्या साखळीत कोणती वर्षं गायब आहेत, हे विचारणं म्हणजे पैसे कशाचे देतोय हे विचारणं. फेरारीनं २००६मध्ये प्रमाणपत्रं देणारा स्वतंत्र विभाग काढला, तो याच गरजेतून.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे. १९९०नंतर जीटीओचा भाव तिसऱ्या हिश्श्याच्या खाली आला खरा, पण पुढं तो कितीतरी पटींनी वाढला. मग तेजीच्या शिखरावर घेणाराही चुकला कुठं? हा हिशेब थांबू शकलेल्यांचा आहे. १५ टक्क्यांच्या आसपास व्याजानं कर्ज काढून जग्वार ई-टाइप घेणाऱ्याला वीस वर्षं थांबता येत नव्हतं. शिवाय ई-टाइप काही ३६ नव्हत्या. १९६१पासून सत्तर हजारांवर बनल्या होत्या, आणि गंजलेली गाडी उभी करण्याचा खर्च भाव पडले म्हणून कमी होत नाही. जग्वारच्याच एक्सजे२२०ची कथा तर आणखी स्पष्ट आहे. १९८८च्या बर्मिंगहॅम मोटार शोमध्ये ती व्ही-१२ इंजिनासह मांडली गेली आणि पुढं अजून न बनलेल्या गाडीसाठी लोकांनी ५०,००० पौंडांची अनामत भरली. त्यातल्या अनेकांना ती चालवायची नव्हती, रांगेतली जागा विकायची होती. १९९२मध्ये गाडी आली ती व्ही-६ इंजिन घेऊन, चढलेल्या किमतीसह आणि पडलेल्या बाजारात. काही ग्राहकांनी गाडी घ्यायचं नाकारलं आणि भांडण न्यायालयात गेलं. ठरवलेल्या ३५० गाड्याही बनल्या नाहीत, तीनशेच्या आत काम आटोपलं.

आता जीटीईलाही चांगला भाव आहे आणि तिच्या शरीराची, मूळ आसनांची, अखंड चेसिसची विचारपूस होते. कापलेल्या जीटीईंच्या चेसिसवर मात्र आजही तोच जुना नंबर आहे, आणि वर दुसऱ्याच गाडीचं रूप.