चिमटा कुणाच्या हातून पडला?

२०२१ साली आमच्या मांडवगण फराट्यात करोनाची लस आली तेव्हा आमच्या भाभी आशा सेविका म्हणून दारोदार फिरत होत्या. कोविशिल्डचा दुसरा डोस आधी चार ते सहा आठवड्यांनी घ्यायचा होता. मार्चमध्ये त्याचे सहा ते आठ झाले, मे महिन्यात बारा ते सोळा. "गेल्या खेपेला तुम्हीच वेगळं सांगितलंत की," लोक म्हणायचे. भाभी गप्प. लस तयार होत होती आपल्या जिल्ह्यातच, हडपसरला.

मला तेव्हा वाल्डेमार हाफकिन आठवत. ओडेसाचा हा ज्यू शास्त्रज्ञ ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगने धास्तावलेल्या मुंबईत आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशी जागा, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. प्रयोगशाळा कधी न पाहिलेल्या माणसांना घेऊन त्यांनी मांसाच्या रश्शात प्लेगचे जंतू वाढवले. वर तूप तरंगत ठेवलं की त्याला धरून जंतूंचे लोंब खाली वाढत. मग उष्णता देऊन ते मारायचे. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी लस आधी स्वतःला टोचून घेतली, महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना.

लोक बिचकत होतेच. तेव्हा विशीही न गाठलेल्या आगाखान तिसऱ्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपलं खुश्रू लॉज दिलं. आपल्याकडे ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, याचं मला नवल वाटतं.

मागणी वाढली तशी कृतीही बदलत गेली. ३० ऑक्टोबर १९०२ ला पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली गेली. त्यातल्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. आयोगाने ठपका ठेवला मुंबईच्या प्रयोगशाळेवर: कार्बोलिक आम्ल वगळून नुसत्या उष्णतेवर भिस्त का ठेवली? पुढे उघड झालं की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी आवाज उठवल्यावर १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं.

भाभींना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्या मदतनिसाला किती दिवस शिकवलं होतं?"