विजयी साम्राज्याचे ऋण

बेळ्ळंदूरच्या शेजारी असलेल्या विमान कारखान्याचा आरंभ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साह्याने १९४० साली केला. दुसऱ्या महायुद्धात तेथे दोस्त राष्ट्रांची विमाने दुरुस्त होत. भारतातील युद्धखर्चाच्या ब्रिटनच्या वाट्यापोटी येथे रुपये मोजले जात. बदल्यात लंडनमध्ये भारताच्या नावे पौंड जमा होत.

१९४५ साली ब्रिटनने युद्ध जिंकले, परंतु ॲटली सरकारच्या हाती रिती तिजोरी आली. अमेरिकेची युद्धकालीन मदत थांबली; तिच्याकडूनच ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. युद्धकाळातही मुक्तपणे मिळणारा पाव १९४६ साली शिधापत्रिकेवर गेला. एकट्या भारताचेच देणे सुमारे १३० कोटी पौंडांवर पोहोचले होते. धनको पारतंत्र्यात आणि ऋणको राज्यकर्ता, अशी ही विलक्षण स्थिती होती.

या देण्यात सूट मिळावी, असा मतप्रवाह ब्रिटनमध्ये बळावला. त्याविरुद्ध भारताची बाजू मांडणाऱ्यांत रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख अग्रभागी होते. त्या रकमेमागे महागाई व टंचाई सोसलेली, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात होरपळलेली प्रजा उभी होती.

ऑगस्ट १९४७ मध्ये अंतरिम करार झाला. देणे बुडाले नाही. मात्र ब्रिटनला ते एकरकमी फेडणे अशक्य असल्याने टप्प्याटप्प्यानेच मोकळे झाले. ज्या प्रजेने अर्धपोटी राहून ही शिल्लक साठवली, तिच्याच स्वतंत्र देशाला धान्य आणि यंत्रे आणण्यास ती पुढे कामी आली.